मान्ना म्हणजे नक्की काय? वही, खलबत्ता आणि तवा घेऊन तपासायची रीत

मागच्या फाल्गुनात नातू शाळेतून आला आणि दप्तर खांद्यावर तसंच ठेवून म्हणाला, "आजी, मोशेच्या लोकांना आभाळातून खायला पडायचं ना, ती किड्यांची शी होती म्हणे. मोबाइलवर आहे." ते खाणं म्हणजे बायबलमधला मान्ना, आणि मोशे म्हणजे आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवून वाळवंटातून नेणारा पुढारी. नातू ग्वाल्हेरातल्या मुरारच्या मिशन शाळेत जातो, त्यामुळे मोशे आमच्याकडे राम-कृष्णांइतकाच घरचा. मी ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्याचं वाक्य अगदीच चूक नव्हतं, पण एका वाक्यात गोष्ट गुंडाळून ठेवलेली मला पटेना. म्हटलं, चल, तपासू. वर्ष गेलं त्यात. कुणाला असंच करून बघायचं असेल तर आमची रीत ही अशी.

आधी वही. मूळ मजकूर समोर घेऊन मान्नाबद्दल जे जे सांगितलंय ते एकेका ओळीत उतरवायचं. शास्त्र, खुलासे सगळं नंतर. बायबलमधला निर्गमचा 16वा अध्याय, गणनाचा 11वा आणि यहोशवाच्या 5व्या अध्यायातली एक ओळ, एवढं पुरतं. दव उडाल्यावर जमिनीवर हिमकणांसारखे बारीक दाणे दिसायचे. लोकांनी विचारलं "मान हू?", म्हणजे "हे काय?", आणि तेच नाव पडलं. दाणा धन्याएवढा, पांढरा, चव मध घातलेल्या पापुद्र्यासारखी. गणनात मात्र रंग गुग्गुळाच्या जातीच्या डिंकासारखा आणि चव तेलातल्या पोळीची. ऊन चढलं की वितळायचं. उद्यासाठी ठेवलं तर किडे पडून घाण यायची. माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या मापाने साधारण दोन लिटर. सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचं, ते मात्र टिकायचं, आणि शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवशी (शनिवारी), काहीच पडायचं नाही. लोक ते जात्यात दळायचे, उखळात कुटायचे, भांड्यात शिजवायचे, त्याच्या पोळ्या करायचे. हे चाळीस वर्षं चाललं. कनानात, म्हणजे देवाने त्यांना देऊ केलेल्या देशात, पोचून तिथलं धान्य खाल्लं, आणि बंद झालं.

आमच्या यादीत तेरा ओळी झाल्या. बहुतेक खुलासे यातल्या तीन-चार सोयीच्या ओळी उचलतात (धने, पांढरा, गोड) आणि बाकीच्यांवर गप्प बसतात. म्हणून यादी आधी. उलटं केलंत तर हव्या त्याच ओळी दिसतात. मला स्वतःला दिसल्या होत्या.

मग "किड्यांची शी" डोळ्यांनी बघायची. त्यासाठी ही गोष्ट जिथे घडते त्या सिनायच्या वाळवंटात जायला नको, अंगणातला आंबा चालतो. मोहोर आला की त्यावर तुडतुडे बसतात. रात्री झाडाखाली स्टीलची परात पालथी घालून ठेवायची आणि सकाळी आडव्या उजेडात बघायची. बारीक चकचकीत ठिपके दिसतात, बोट लावलं तर चिकट. आमच्या सुनेच्या स्कूटरची सीट दर वर्षी अशीच चिकट होते आणि ती दर वर्षी गल्लीतल्या मुलांवर डाफरते. आईच्या माहेरी, सोलापूरकडे, जोंधळ्यावर असंच झालं की "चिकटा पडला" म्हणत. (झाडावर औषध फवारलं असेल तर जिभेला लावू नका. नातवाने लावलं. फवारलं नव्हतं, नशीब.)

हे का होतं ते मुलांना सांगायला सोपं आहे. किडा झाडाच्या सालीतला रस ओढतो. त्या रसात साखर भरपूर आणि शरीर बांधायला लागणारं नत्र अगदी थोडं. नत्र पुरेसं मिळवायचं तर रस खूप ओढावा लागतो आणि नको झालेली साखर मागच्या बाजूने टाकावी लागते. म्हणजे तिला शी म्हणण्यापेक्षा गाळून उरलेला पाक म्हणावं. कोरड्या हवेत त्या थेंबातलं पाणी उडतं आणि दाणा उरतो.

आता मान्ना म्हणजे खरोखर काय असू शकेल, त्याचे उमेदवार. पहिला झाऊ. चंबळच्या काठाने गेलात तर वाळूत याचे भाईबंद दिसतील. सिनायमध्ये झाऊवर खवलेकीड असते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग याने एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं, आणि 1927 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ बोडेनहायमर खास हे बघायला सिनायला गेले. दोन जातींच्या किडी हे दाणे टाकतात, असं त्यांनी दाखवलं. ऊन तापलं की मुंग्या कामाला लागतात आणि दाणे घेऊन जातात, म्हणून माणसाने पहाटेच वेचायला हवं, हेही त्यांचंच. त्याआधी शंभरेक वर्षं बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी तिथे फिरला होता. तिथले बदाऊनी, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, याला "मन्न"च म्हणतात, जूनमध्ये गोळा करतात, फडक्यातून गाळून घेतात आणि भाकरीला मधासारखं लावतात, असं तो लिहितो. भाकरीला लावतात, त्याची भाकरी करत नाहीत. हे वहीत लाल शाईने लिहा.

दुसरा उमेदवार आमच्या ग्वाल्हेरचा, म्हणून माझा लाडका: जवासा. मे महिन्यात सगळं करपलेलं असताना बीहडात, म्हणजे चंबळच्या घळींच्या मुलखात, हिरवं राहणारं काटेरी झुडूप, आणि पावसात सगळी सृष्टी हिरवी झाली की हेच पानं गाळून बसतं. इराण-अफगाणिस्तानकडे याच्यावर साखरेचे दाणे धरतात आणि लोक ते फडक्यावर झटकून घेतात. युनानीत त्याला तुरंजबीन म्हणतात, आयुर्वेदात यवासशर्करा. आमच्याकडच्या जवाशावर मी कित्येक उन्हाळे वाकून बघितलं, एक दाणा मिळाला नाही. म्हणून पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीच्या दुकानदाराकडे, जायचं. पहिल्या खेपेला मला एका दुकानात स्वच्छ, पांढरीशुभ्र पुडी मिळाली. घरी येऊन बघते तो निव्वळ साखर! खऱ्या तुरंजबीनमध्ये काटे, पानं, शेंगांचे तुकडे अडकलेले असतात आणि रंग पिवळट असतो. कचरा दिसला नाही तर घेऊ नका. आणि मूठ भरून खाऊ नका. हे लहान मुलांना पोट साफ व्हायला देतात. नातवाने तेही करून बघितलं. दुपारनंतर त्याचा चाळीस वर्षांच्या खुलाशावरचा विश्वास बराच कमी झाला.

तिसरा एक शैवाक आहे, दगडफुलाच्या नात्यातला. वाळवंटी माळावर सुटा वाढतो, वाऱ्याने उडून ढिगाने पडतो. दुष्काळात इराणकडे लोकांनी तो दळून भाकरीत घातल्याच्या नोंदी आहेत. आभाळातून पडतो आणि दळताही येतो, म्हणून अनेकांना आवडतो. पण गोड नाही, उन्हात वितळत नाही, आणि त्यात चुन्याचं ऑक्झलेट इतकं असतं की पोटाला जड. तेवढ्यावर मी त्याला सोडला.

या पुढचा भाग स्वयंपाकघरातला आहे, आणि पुस्तकं लिहिणारे तो टाळतात असा माझा संशय आहे. खरी तुरंजबीन मी जानेवारीच्या कोरड्या थंडीत खलबत्त्यात कुटली. छान भुकटी झाली, खडीसाखरेसारखी. म्हणजे "कुटायचे" ही ओळ बसते. तीच पुडी श्रावणात उघडली तर गोळा. बत्त्याला चिकटून वर यायला लागली. मग जानेवारीतली भुकटी पाण्यात भिजवून तव्यावर पोळी करायला घेतली. ती पसरली, फसफसली, तपकिरी झाली, धूर आला आणि तवा घासायला दोन दिवस लागले. भांड्यात शिजवली तर काकवी. पिठाशिवाय हिची पोळी होत नाही. घरात करायचं असेल तर खडीसाखरेवरही हेच करून बघता येईल, पण जुना तवा घ्या.

सडण्याचंही तसंच. साखरेला किडे पडून वास येत नाही, म्हणून तर आपण मुरांबा करतो. मुंग्यांना किडे म्हटलं असेल, असं कुणी म्हणेल. म्हणू दे, पण घाण वास मुंग्यांनी येत नाही.

हिशोब मात्र नातवाकडून करून घेतला. निर्गमात बायकामुलं सोडून पायी चालणारे पुरुष सहा लाख सांगितलेत. ओमर बाजूला ठेवा, माणशी नुसता अर्धा किलो धरा: दिवसाला तीन लाख किलो. बुर्कहार्टच्या अंदाजाने चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा सगळ्या सिनायमधून पाच-सहाशे पौंड निघायचं, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास. वर्षभराचं! शिवाय हंगाम उन्हाळ्याच्या तोंडचे काही आठवडे. आकडा कमी करून बघा, सहा लाखांचे सहा हजार करा, तरी एक दिवसही निघत नाही. आणि नुसत्या साखरेवर, प्रथिनाशिवाय, चाळीस वर्षं तर सोडाच.

इतकं झाल्यावर वहीत झाऊसमोर सात बरोबरच्या खुणा आल्या: पहाट, दव, दाणा, रंग, मधाची चव, उन्हात नाहीसं होणं आणि, जरा ओढूनताणून, कुटणं. नावसुद्धा तिथल्या लोकांत तेच. एवढं जुळणं मला योगायोग वाटत नाही. सिनाय ओलांडणाऱ्या कुणीतरी हे दाणे बघितले होते, चाखले होते, आणि गोष्टीत ते आले, असं मी मानते. पण सहा रकाने रिकामे राहिले. ते रिकामेच ठेवायचे. तिथे "अतिशयोक्ती असेल" असं लिहून भरायचा मोह होतो. नातवाने पेन्सिलीने लिहिलंच होतं, मी खोडायला लावलं.

वही मुरारच्या माझ्या जुन्या सहकारी बाईंना दाखवली. त्या ख्रिस्ती, पिढीजात मराठी, आणि बायबल माझ्यापेक्षा शंभरपट वाचलेल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं वाचलं, तव्यापाशी हसल्या, आणि सहाव्या दिवसाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाई, तुमच्या किडीला शुक्रवार कळतो का?"

"नाही कळत."

"मग आमच्यासाठी गोष्ट इथे सुरू होते. वरचं सगळं छान आहे, मला माहीत नव्हतं. पण दुप्पट वेचा आणि एक दिवस बसा, हे त्यात मुख्य आहे."

मी ते त्यांच्या नावाशिवाय रकान्याबाहेर, समासात लिहून घेतलं. वाद घातला नाही, घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बाईंनी निघताना तुरंजबीन बघायला मागितली. बाटली ओट्यावर आणून ठेवली तर झाकण सैल राहिलेलं, आणि आत मुंग्यांची रांग लागलेली. साडेनऊ वाजले होते, ऊन खिडकीतून थेट ओट्यावर. नातू म्हणाला, "आजी, वेळ लिही."