उभ्या बीटलचे तापमान: जुन्या गाड्यांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून जुन्या गाड्यांच्या कामाकडे वळणाऱ्या मुलामुलींची पहिली पंचाईत होते ती हवेने थंड होणाऱ्या इंजिनापाशी. वर्गात शिकलेले रेडिएटर, वॉटर पंप आणि कूलंट यांपैकी काहीही फोक्सवॅगन बीटलमध्ये नसते आणि कंपनीने डॅशबोर्डवर तापमानाचा काटाही दिलेला नसतो. ज्यांनी जुनी, पेट्रोलवरची बजाज चेतक खोलली आहे त्यांना मात्र तत्त्व लगेच कळते, कारण तिथेही फ्लायव्हीलवरचा पंखा काऊलमधून (पत्र्याच्या आवरणातून) सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांवर, हवा ढकलतो. बीटलमध्ये हा पंखा डायनॅमोच्या शाफ्टवर बसतो, क्रँकच्या पुलीवरून आलेला एकच पट्टा दोन्ही फिरवतो, आणि भोवतालचे पत्रे ती हवा चारही सिलिंडरांवरून खाली नेतात.

नव्याने बांधलेले इंजिन आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालताना, तापते का, हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी एक ठरावीक आकडा शोधत होतो, ज्याच्या खाली सगळे ठीक आणि वर सगळे बिघडलेले. तसा आकडा आयडलिंगला फारसा उपयोगी पडत नाही. पाहायची असते ती तापमानाची चाल. इंजिन मिनिटाला 850 फेरे घेत असते तेव्हा पंख्याची हवा 4000 फेऱ्यांच्या तुलनेत साधारण पाचव्या हिश्शावर येते. पण गाडी उभी असल्याने इंजिनावर भारही नसतो आणि उष्णताही थोडीच निर्माण होते. म्हणून निरोगी इंजिन रस्त्यावरून येऊन उभे राहिले की हेडचे (सिलिंडरच्या टोपणाचे) तापमान काही मिनिटांत उतरते आणि एका जागी स्थिरावते. ते उतरण्याऐवजी चढत राहिले, तर पंख्याची हवा, टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) किंवा पेट्रोल-हवेचे मिश्रण यांपैकी कुठेतरी चूक आहे असे धरून चालावे.

ही तपासणी नव्या इंजिनाच्या पहिल्या स्टार्टला मुळीच करू नये. कॅमशाफ्ट आणि टॅपेट (झडपा उघडणारे भाग) नवे असतील, तर त्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांना तेल बव्हंशी शिंतोड्यांनी मिळते आणि आयडलिंगला ते शिंतोडे पुरेसे उडत नाहीत. पहिली वीस मिनिटे इंजिन 2000 फेऱ्यांच्या आसपास चालवावे, नंतर टॅपेटची गॅप पुन्हा पाहावी, काही शे किलोमीटर गाडी चालवून तेल बदलावे आणि मगच वही घेऊन गाडीमागे, म्हणजे बीटलचे इंजिन असते तिथे, उभे राहावे.

मोजायचे कुठे, याचे उत्तर गाडीच्या सालावर अवलंबून असते. 1970 पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या हाउसिंगमध्ये अशा ठिकाणी उभा असतो की तिसऱ्या सिलिंडरला कूलरने आधीच तापवलेली आणि अडवलेली हवा मिळते. 1971 च्या मॉडेलपासून कूलर बाजूला नेऊन त्याच्या हवेला स्वतंत्र वाट दिली गेली. त्यामुळे जुन्या इंजिनात थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची) कडी तिसऱ्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगखाली बसवावी आणि तिच्या तारा मनाने कापून आखूड करू नयेत. अनेक जुन्या पद्धतीच्या गेजमध्ये सभोवतालच्या तापमानाची भरपाई नसते. ते 20 ते 25 अंशांची हवा गृहीत धरतात. पुण्याच्या एप्रिलमधल्या 40 अंशांत असा गेज खऱ्यापेक्षा पंधरा-वीस अंश कमी दाखवतो, म्हणजे काळजी घ्यायची तेव्हाच तो निश्चिंत करतो. दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन चमकत्या धातूवर खोटे बोलते, म्हणून हेडवर काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका देऊन नेहमी तिथेच नेम धरावा.

आता ज्या गाडीने मला हे शिकवले तिच्याविषयी. 1967 सालच्या 1300 बीटलचे इंजिन दुसऱ्या एका गॅरेजमधून बांधून आले होते आणि मालकांची तक्रार होती की सिग्नलला थांबले की मागून तापल्याचा वास येतो. वीस मिनिटे गाडी फिरवून आणली तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या हेडवर 168 अंश होते. पाच मिनिटे आयडलिंगला ठेवल्यावर 176 झाले, दहा मिनिटांनी 188. टायमिंग मी लाइट लावून पाहिले, ते क्रँकच्या कोनाच्या साडेसात अंशांवर बरोबर होते. मॅनिफोल्डच्या सांध्यांतून हवा शिरत नव्हती आणि मिश्रणही फिके (पेट्रोल कमी असलेले) नव्हते.

आमच्या मिस्त्रींनी देव्हाऱ्यातली उदबत्ती मागवली. इंजिन चालू ठेवून त्यांनी ती मागच्या पत्र्याच्या कडेने अगदी सावकाश फिरवायला सांगितली. डाव्या कोपऱ्यात आल्यावर सरळ वर जाणारी धुराची रेघ एकदम वाकली आणि पंख्याच्या तोंडात शिरली. तिथे पत्रा आणि बॉडी यांच्यामधली रबरी पट्टीच नव्हती, आणि त्या फटीतून सिलिंडर व सायलेन्सरवरून आलेली गरम हवा पंखा पुन्हा आत ओढत होता. चालत्या गाडीत खालची हवा मागे वाहून जाते, म्हणून मालकांना रस्त्यावर काही जाणवत नव्हते. इंजिन उतरवल्यावर आणखी एक उणीव सापडली: तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरच्या मधली खालची डिफ्लेक्टर पट्टी बसवलेलीच नव्हती. ही पट्टी हवेला फिन्सना बिलगून जायला भाग पाडते. ती हेड आणि पुशरॉडच्या नळ्या बसवण्यापूर्वी घालायची असते, त्यामुळे एका हलक्या पत्र्यासाठी आम्हाला पूर्ण हेड काढावे लागले. इंजिन बांधताना सगळे पत्रे जमिनीवर मांडून मोजावेत, असा माझा आग्रह तेव्हापासून आहे. ‘शोसाठी आहेत’ म्हणून पत्रे काढून टाकणाऱ्यांचे मला अजिबात पटत नाही.

काम झाल्यावर त्याच रस्त्याने गाडी आणली: आल्या आल्या 166, पाच मिनिटांनी 149, दहा मिनिटांनी 146.

तेलाचे तापमान वेगळे नोंदवावे, कारण ते हेडच्या मागून सावकाश चालते. इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर असते आणि थंड करण्याचा मोठा वाटा तेच उचलते. 80 ते 110 अंश मला नेहमीचे वाटतात; 120 ओलांडले की मी तपासणी थांबवतो. तेल शंभर अंशांच्याही खाली असताना नव्या बांधणीच्या इंजिनात ऑइलचा दिवा आयडलिंगला लुकलुकला, तर जाड तेल ओतून तो झाकू नये. बेअरिंगची गॅप किंवा पंप तपासावा.

चार्जिंगचा लाल दिवा लागला तर मात्र विचार करत बसू नये. पट्टा तुटला असेल, तर डायनॅमोबरोबर पंखाही थांबलेला असतो, म्हणून इंजिन तत्काळ बंद करावे. दिवा लागलेला नाही पण काटा चढतो आहे, अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून 1500 फेऱ्यांवर धरावे. भार न वाढता हवा वाढते आणि बऱ्याचदा मिनिटाभरात काटा उतरू लागतो. इंजिन बंद केल्यानंतरही दोन-तीन मिनिटे प्लगखालचे तापमान वर जाते, कारण पंखा थांबलेला असतो आणि आतली उष्णता बाहेर येत असते. नवीन मुले ही वाढ पाहून घाबरतात आणि वहीत बिघाड म्हणून लिहितात. तिच्यासाठी मी आता वेगळा रकाना आखून देतो.