मुलांना घड्याळ कसं शिकवावं: आधी एकटा लहान काटा, ‘पावणे’ सगळ्यात सावकाश

मुलाला १ ते १२ आकडे ओळखता येतात, साठपर्यंत मोजता येतं आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र हा क्रम कळतो, असं मी धरून चालते. यातलं काही कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा. पाचव्या वर्षी घड्याळ यायलाच हवं असा काही नियम नाही. पूर्ण तास आणि साडे लवकर जमतात, मिनिटं वाचायला बहुतेक मुलं सात-आठ वर्षांची व्हावी लागतात, आणि त्यात काळजी करण्यासारखं काहीच नाही.

पहिला प्रश्न घड्याळ कुठलं घ्यायचं हा. पुठ्ठ्याचं किंवा कागदी थाळीचं घड्याळ बनवा, असा सल्ला जिथे-तिथे मिळतो. ते हस्तकला म्हणून बनवा, भिंतीवर लावा, पण त्यावर वेळ शिकवू नका. त्यात दोन्ही काटे एका टाचणीवर सुटे फिरतात. साडेतीन लावायला सांगितलं की मूल मोठा काटा ६ वर नेतं आणि लहान काटा बरोबर ३ वर ठेवतं. आपणही ‘शाब्बास’ म्हणून मोकळे होतो. खऱ्या घड्याळात असं कधीच दिसत नाही. साडेतीनला लहान काटा ३ आणि ४ च्या मधोमध असतो. मूल भिंतीकडे पाहतं, काटा शिकवलेल्या जागी नसतो, आणि गोंधळ सुरू होतो. काही सरावपुस्तिकांच्या चित्रांतही हीच चूक छापलेली असते. पान मुलाच्या हातात देण्याआधी लहान काटा नीट बघून घ्या. चुकीचं चित्र असेल तर ते पान सरळ सोडून द्या.

सेलवर चालणारं साधं भिंतीवरचं घड्याळ घ्या, जुनं असलं तरी चालेल. बाराही आकडे हवेत, मिनिटांच्या रेघा हव्यात, रोमन आकडे नकोत. सेल काढा, पुढची काच काढून ठेवा. सेकंद काटा दोन बोटांत धरून हलकेच वर ओढला की निघतो, तोही काढा. सेल आणि काटे घरातल्या धाकट्याच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. आता मागच्या चकतीने मोठा काटा फिरवला की लहान काटा आपसूक सरकतो. हे सरकणं मुलाला दिसावं, एवढ्यासाठीच खरं घड्याळ हवं.

यानंतर मोठा काटासुद्धा काढा. निघत नसेल तर तबकडीच्याच रंगाचा कागद चिकटवून तो दिसेनासा करा. पहिले काही दिवस फक्त लहान काटा. लोकांना हे विचित्र वाटतं, पण वेळ सांगणारा खरा काटा तोच आहे. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. त्याच्या आधीच्या बहुतेक घड्याळांना एकच काटा असायचा आणि लोकांचं त्यावर भागत होतं. मिनिट काटा सर्रास आला तो त्यानंतर, घड्याळं पुरेशी अचूक झाल्यावर. मुलालाही त्याच क्रमाने शिकवावं, हे माझं पक्कं मत आहे.

एका काट्यावर चार गोष्टी सांगता येतात: ‘तीन वाजले’, ‘तीन वाजून गेले’, ‘साडेतीन’, ‘चार वाजत आले’. ३ पासून ४ पर्यंतच्या जागेला ‘तीनचं घर’ म्हणा. काटा त्या घरात कुठेही असो, तास तीनचाच. ४ ला अगदी टेकायला आला तरी तीनचाच. ‘काटा कुणाच्या घरात आहे?’ हा प्रश्न इतका विचारा की मुलाच्या तोंडी बसला पाहिजे. पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग मोठा काटा बसवा. तो १२ वर असताना पूर्ण तास, ६ वर असताना साडे. मूल ‘साडेएक’, ‘साडेदोन’ म्हणेल. त्याचा हिशोब बरोबर आहे, त्यामुळे हसू नका. ‘हो, दीड वाजला’, ‘हो, अडीच वाजले’ एवढं म्हणा, कानावर पडून ते बसतं.

सव्वाही सोपं जातं. तीन वाजले आणि वर पाव तास झाला, सव्वातीन. मोठा काटा ३ वर, लहान काटा तीनच्या घरात जरासा पुढे. हे आलं की थांबा. पावणे लगेच सुरू करू नका. सव्वा आणि पावणे एकाच आठवड्यात शिकवले की मुलं त्यांची हमखास अदलाबदल करतात, आणि ती सवय मोडायला महिने जातात. सव्वा न अडखळता येऊ लागेपर्यंत ‘पावणे’चा धडा उघडायचाच नाही.

आता पावणे. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि पालकही बहुतेक इथेच आवाज चढवतात.

पावणेतीनला लहान काटा ३ ला जवळजवळ चिकटलेला असतो आणि मोठा ९ वर. मूल एक तर ‘तीन पंचेचाळीस’ म्हणतं, नाहीतर ‘पावणेदोन’. दोन्ही उत्तरांमागे विचार आहे. ‘तीन पंचेचाळीस’ म्हणणाऱ्याने जवळचा आकडा वाचला. ‘पावणेदोन’ म्हणणाऱ्याने तर घर बरोबर ओळखलं, दोनचंच. पण सव्वादोनमध्ये दोन वाजून गेलेले असतात, साडेतीनमध्ये तीन वाजून गेलेले असतात, म्हणून पावणेतही तसंच असणार असं त्याने धरलं. पावणेतीनमध्ये मात्र तीन अजून वाजायचेच आहेत. मुलाने कष्टाने जो नियम बसवला तो आपण इथे मोडतो आणि वर ‘एवढं कसं कळत नाही’ म्हणतो.

यावर एक सोपा उपाय सर्रास सांगितला जातो: मोठा काटा ९ वर आला की पावणे म्हण आणि लहान काट्याच्या जवळचा आकडा त्याला जोड. कृपा करून हे शिकवू नका. उत्तर बरोबर येतं म्हणून आपण खूश होतो, पण मूल ‘जवळचा आकडा वाचायचा’ हे शिकलेलं असतं. पुढे दोन वाजून पन्नास मिनिटं झाली की तेच मूल ‘तीन पन्नास’ म्हणतं, आणि लहान काट्यापासून पुन्हा सगळं शिकवावं लागतं.

पावणे शिकवताना आधी घड्याळ बाजूला ठेवा आणि भाकऱ्या घ्या. पोळ्याही चालतील. दोन अख्ख्या भाकऱ्या मांडा, तिसरीचा चतकोर तोडून बाजूला ठेवा. ‘किती आहेत?’ मूल म्हणेल, दोन आणि थोडी. ‘तीन व्हायला किती कमी?’ चतकोर. तीनला पाव कमी म्हणून पावणेतीन. आता त्याच्या हाताने पावणेदोन मांडू द्या, मग पावणेचार. त्यानंतर एका ताटात सव्वादोन आणि दुसऱ्यात पावणेतीन मांडा. दोन्हीकडे अख्ख्या भाकऱ्या दोनच आहेत, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. इथे कितीही दिवस लागू द्या. ताटात जमलं नाही तर तबकडीवर जमणार नाही. मूल थोडं मोठं असेल तर पैशांतही करून घ्या: शंभराच्या दोन नोटा आणि वर पंच्याहत्तर, पावणेतीनशे.

मग घड्याळाकडे या. इथे माझा एक नियम आहे आणि तो मी कधीच सोडत नाही: काटे थेट पावणेवर लावून ‘किती वाजले?’ असं विचारायचं नाही. नेहमी मागच्या पूर्ण तासापासून निघायचं. दोन वाजता सुरुवात करा आणि चकती सावकाश फिरवा. सव्वादोनला थांबा. अडीचला थांबा. मोठा काटा ९ वर आला की पुन्हा थांबा आणि विचारा, ‘तीन वाजले का?’ मुलाला वाकून बघू द्या. लहान काट्याचं टोक आणि ३ ची रेघ यांच्यामध्ये बारीकशी फट असते. लहान काटा दर बारा मिनिटांनी एक रेघ पुढे जातो, त्यामुळे पंधरा मिनिटं कमी असताना ही फट सव्वा रेघेची भरते. मुलाला त्या फटीवर नख ठेवायला सांगा. नख मावतंय म्हणजे तीन अजून वाजले नाहीत. मग चकती पुढे फिरवा आणि फट बुजताना त्याला पाहू द्या. ‘आत्ता वाजले!’ हे त्यानेच म्हणायला हवं.

यानंतर प्रश्न दोनच ठेवा. काटा कुणाच्या घरात? पुढचा तास वाजायला किती कमी? ‘दोनच्या घरात, तीनला पाव कमी, पावणेतीन.’ सुरुवातीला हे सगळं मोठ्याने म्हणू द्या. हळूहळू मधलं गळतं आणि उत्तर तेवढं उरतं. हे रडतखडत चाललंय असं वाटलं तर प्रश्न वाढवू नका, तास कमी घ्या. एक दिवस नुसतं पावणेतीन आणि पावणेचार पुरे.

पाहुण्यांसमोर ‘सांग बघू किती वाजले’ करू नका, आणि शाळेची बस सुटायच्या घाईत तर नकोच. त्याऐवजी मुलाच्या आवडीची एखादी गोष्ट पावणेच्या वेळेला बांधा. खाली खेळायला सहाला सोडत असाल तर पावणेसहाला सोडायला लागा. मूल साडेपाचपासून तबकडीकडे बघत बसतं, आणि ती फट त्याला आपल्यापेक्षा आधी दिसते. अट एकच: पावणेसहा म्हणजे पावणेसहालाच सोडायचं. आपण ‘पाच मिनिटांत आलेच’ म्हणून अर्ध्या तासाने आलो, तर पाच मिनिटं किती असतात हे त्या मुलाला कुठलंही घड्याळ शिकवू शकणार नाही.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना शाळेत ‘क्वार्टर टू थ्री’ शिकवतात. त्यातही पुढचाच तास बोलला जातो, त्यामुळे घरी पावणेतीन पक्कं झालं तर शाळेतलं आपोआप सोपं जातं. दोन्ही भाषांतले शब्द एकाच बैठकीत मात्र घोटवू नका. जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांनी एक लक्षात ठेवावं: तिथे साडेतीनलाच ‘हाल्ब फिअर’ म्हणतात, म्हणजे चारचं नाव घेतात. शाळेतून आलेलं मूल साडेतीनला साडेचार म्हणालं तर आधी ते कुठल्या भाषेत विचार करतंय हे बघा.

पाऊण वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला ही दुपारची मंडळी सगळ्यात शेवटी घ्या. सव्वाबारा आणि साडेबारा मुलाला सरळ जातात, पण पावणेएक न म्हणता नुसतं ‘पाऊण’ का म्हणायचं, हे समजावण्यात अर्थ नाही. पाऊण भाकरी दाखवा, एकही पूर्ण नाही, आणि पुढे चला.

मिनिटं आता सोपी आहेत, कारण पाचाचा पाढा बहुतेकांना येत असतो. १ वर पाच, २ वर दहा, ३ वर पंधरा. मुलाला बोट फिरवत म्हणू द्या. अडचण येते ती पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न या शब्दांची, तेवढे वेगळे घोटून घ्या. तीसपर्यंत ‘तीन वाजून वीस मिनिटं’, त्यापुढे ‘चार वाजायला दहा मिनिटं’. हे दुसरं म्हणजे पावणेचंच गणित आहे, त्यामुळे पावणे पक्कं असेल तर वेगळं शिकवावं लागत नाही. सुट्या मिनिटांसाठी रेघा मोजू द्या, झालं.

मोबाइलवरचे आणि डिजिटल आकडे सगळं आल्यावरच. आधी दिले तर मूल २:४५ हे नुसते आकडे म्हणून वाचतं, आणि तीन वाजायला किती वेळ आहे ते त्याला सांगता येत नाही. ते आकडे वाचायला लागलं की प्रत्येक वेळी तबकडीवर लावून घ्या: २:४५ दिसलं, घड्याळावर लाव, मराठीत सांग. चोवीस तासांची वेळ रेल्वेच्या तिकिटावरून शिकवा. १३ आणि त्यापुढचा तास दिसला की त्यातून बारा वजा करायचे. तिकिटावर १५:४५ असेल तर तीन पंचेचाळीस, म्हणजे गाडी दुपारी पावणेचारची.