विहिरीत, ओढ्यात साप दिसला? काठी शोधायच्या आधी दिवड आहे का ते बघा

पाऊस सुरू झाला की भातखाचरात, ओढ्याला, विहिरीच्या कपारीत हमखास दिसणारा साप म्हणजे दिवड, कुणी पाणदिवड म्हणतं कुणी विरोळा, आणि नाग नाहीतर घोणस समजून दरवर्षी काठीखाली जातो तो हाच. पूर्ण बिनविषारी आहे हो, बेडूक आणि मासे खाऊन जगतो.

लोक फसतात कारण दिवड चिडकी असते. कोंडीत सापडली की मान चपटी करते, डोकं थोडं उचलते आणि झपकन अंगावर येते, मग कुणीतरी ओरडतं फणा काढला फणा काढला, की संपलंच. नाग पुढचा भाग चांगला उभा करून फणा पसरून थांबतो, दिवडीची नुसती मान रुंद होते. पक्की खूण बघायची तर डोळ्यापाशी बघा, दोन तिरक्या काळ्या रेषा असतात, एक डोळ्याच्या खालून ओठाकडे आणि दुसरी डोळ्याच्या मागून जबड्याच्या कोपऱ्याकडे. अंगावर पिवळट-हिरवट रंगात काळ्या चौकटी, पण रंग प्रत्येकीचा वेगळा असतो, काहींच्या चौकटी अगदी पुसट, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. घोणस जाडजूड, डोकं त्रिकोणी, पाठीवर लंबगोल डागांच्या तीन रांगा, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा.

हे सगळं बघायला जवळ जायचं नाही!! लांबूनच मोबाईल झूम करून फोटो काढा आणि ओळखीच्या सर्पमित्राला पाठवा.

पाण्यात असेल तर काहीच करू नका, पोरांना आणि कुत्र्याला मागे घ्या, वाट मोकळी ठेवा, ती आपली आपण जाते. विहिरीत असेल तर राहू द्या, पाणी विषारी होत नाही. घरात शिरली किंवा जाळ्यात अडकली तर सर्पमित्र बोलवा नाहीतर वनविभागाच्या 1926 वर फोन करा. मारू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहे.

चावली तर? दिवड जोरात चावते आणि रक्तही बरंच येतं, म्हणून माणूस हादरतो. जखम साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पण साप नीट ओळखला नसेल, विशेषतः अंधारात चावला असेल, तर ‘दिवडच असेल’ म्हणून घरी बसू नका, मण्यारीच्या चाव्याला दुखतही नाही फारसं. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच नाही, हातपाय न हलवता 108 ची गाडी बोलवून सरळ सरकारी दवाखाना.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्यांनी एक लक्षात ठेवा, शेपूट दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी दिसली तर तो समुद्री साप, आणि तो जहाल विषारी. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यात, आला तर मेला असं वाटलं तरी हाताने उचलू नका, लांब काठीने बाजूला करा.