एक्सेलमध्ये एखादी रक्कम नेमकी कोणत्या सेलमध्ये आहे, हे कसं शोधावं

सोसायटीच्या मेन्टेनन्सची शीट घेऊ. ए रकान्यात फ्लॅट, बीमध्ये नाव, सीमध्ये यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, डीमध्ये रक्कम. वरच्या चार ओळी सोसायटीचं नाव आणि मथळ्यांत गेल्या, यादी ५व्या ओळीपासून १२४व्या ओळीपर्यंत. बँकेत ३५४० रुपये जमा दिसतात आणि खजिनदाराला हवं आहे ते एवढंच, की ही नोंद शीटमध्ये कुठे आहे.

एकदाच शोधायचं असेल तर सूत्राच्या भानगडीत पडू नका. कंट्रोल आणि एफ दाबा, आकडा टाका आणि 'फाइंड नेक्स्ट'ऐवजी 'फाइंड ऑल'वर क्लिक करा. खाली यादी उघडते, त्यात प्रत्येक सेलचा पत्ता असतो. ओळीवर क्लिक केलं की थेट तिथे पोचता. महिन्यागणिक वेगळ्या शीट असतील तर 'ऑप्शन्स' उघडून 'विदिन'मध्ये 'वर्कबुक' निवडा. तिथेच 'मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स'वर टिक करा, नाहीतर ३५४० शोधताना १३५४० सुद्धा हजर होतो.

खरी गोम 'लुक इन'मध्ये आहे. तिथे 'फॉर्म्युलाज' असेल तर सेलमध्ये जे टाइप केलंय त्यातच शोध होतो, त्यामुळे बेरजेतून आलेला ३५४० सापडत नाही. 'व्हॅल्यूज' निवडलं तर पडद्यावर दिसतं ते शोधलं जातं. म्हणजे सेलमध्ये स्वल्पविरामासह ३,५४० दिसत असेल, तर तुम्हालाही स्वल्पविराम टाकावा लागतो. आकडा डोळ्यांसमोर असून 'सापडत नाही' असा निरोप येतो तो बहुतेकदा यामुळेच.

रोज नवा क्रमांक तपासायचा असेल तर मात्र सूत्र हवं. (इथे सूत्रं देवनागरीत दिली आहेत, शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाका.) शोधायचा संदर्भ क्रमांक एच१मध्ये लिहा आणि शेजारी:

=मॅच(एच१,सी५:सी१२४,०)

समजा उत्तर १८ आलं. ही १८वी ओळ नव्हे! सी५पासून मोजत १८वा सेल, म्हणजे २२वी ओळ. शेवटचं शून्य विसरू नका. ते गाळलं तर एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं, आणि चुकीचं उत्तरही बिनदिक्कत देतं.

आता पत्ता काढू:

=सेल("ॲड्रेस",इंडेक्स(सी५:सी१२४,मॅच(एच१,सी५:सी१२४,०)))

उत्तर येईल $सी$२२. बरेच जण =ॲड्रेस(मॅच(एच१,सी५:सी१२४,०)+४,३,४) असं करतात. त्यात डॉलरची चिन्हं येत नाहीत, दिसायला सुटसुटीत. पण उद्या कुणी यादीच्या वर एक ओळ घुसवली की '+४'मधला तो ४ तसाच राहतो आणि पत्ता एका ओळीने चुकतो. इंडेक्सवालं सूत्र आपोआप सरकतं, म्हणून मी तेच वापरतो.

मॅच फक्त पहिली नोंद दाखवतं. संदर्भ क्रमांक सहसा एकदाच येतो, पण ३५४० रुपये दहा जणांनी भरलेले असू शकतात. एच२मध्ये रक्कम लिहून सगळे पत्ते एका सेलमध्ये असे मिळतात:

=टेक्स्टजॉइन(", ",ट्रू,इफ(डी५:डी१२४=एच२,ॲड्रेस(रो(डी५:डी१२४),४,४),""))

एक्सेल २०१९मध्ये हे टाकल्यावर नुसतं एंटर नव्हे, कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबा. गूगल शीट्समध्ये बाहेरून अॅरेफॉर्म्युला गुंडाळा.

#एन/ए (म्हणजे 'सापडलं नाही') आलं तर आधी आकडा सेलच्या कोणत्या बाजूला चिकटलाय ते पाहा. डावीकडे असेल तर बहुधा तो मजकूर म्हणून साठवलाय. १२ अंकी क्रमांकाचं असं हमखास होतं, कारण नेहमीच्या 'जनरल' सेलमध्ये तो १.२३ई+११ असा दिसतो आणि वैतागून कुणीतरी रकाना 'टेक्स्ट' करून ठेवतं. अशा वेळी एच१सुद्धा 'टेक्स्ट' करा आणि क्रमांक पुन्हा टाइप करा. तरीही जमलं नाही, तर सी रकान्यात क्रमांकामागे एखादी स्पेस राहिली आहे का ते बघा.