एमटीबीचा व्हिडिओ: उतार उतारासारखा दिसायला हवा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा सह्याद्रीतल्या कुठल्याही खडकाळ पायवाटेवर एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, चालवणाऱ्या सगळ्यांचं हे दुखणं आहे, उतरताना ब्रेक धरून बोटं आखडलेली असतात आणि घरी येऊन फुटेज बघावं तर गल्लीतला रस्ता वाटतो. वाईड लेन्स उतार खाऊन टाकते. त्यामुळे सगळी धडपड तो उतार परत आणायची.

पहिलं म्हणजे कॅमेरा हेल्मेटवर नको, छातीवर लावा. छातीवरून हँडल, कोपरं, फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) सगळं फ्रेममध्ये येतं आणि फोर्क दबताना दिसला की दगड केवढा होता ते बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. आता अँगल. बहुतेक जण सरळ उभं राहून अँगल लावतात आणि मग अख्ख्या राईडभर पुढचं चाक आणि मातीच शूट होते, कारण उतारावर आपण वाकलेले असतो. मित्राला सायकल धरायला सांगा, तुम्ही पेडलवर उभे राहा, पेडल लेव्हलला, कोपरं बाहेर, वजन मागे, आणि त्या पोझिशनमध्ये कॅमेरा वर करत न्या, हँडल फ्रेमच्या तळाशी आणि वरच्या भागात समोरची वाट दिसेपर्यंत. माउंटमध्ये कॅमेरा उलटा बसवला तर वर करायला जास्त जागा मिळते. पट्टे श्वास घेता येईल इतपत पण घट्टच.

सेटिंग ४के ६० एफपीएस ठेवा, सेन्सर ४:३ किंवा ८:७ देत असेल तर तेच घ्या, वरखाली जास्त दिसतं. क्षितिज कायम आडवं ठेवणारं होरायझन लॉक मात्र बंद, वळणावर सायकल झुकते ते दिसायलाच हवं. झाडीतल्या ट्रेलवर ऑटो शटर स्लो होतं, मग स्टॅबिलायझेशन असूनही चित्र फरफटल्यासारखं येतं, तेव्हा शटर १/२४० च्या खाली जाऊ देऊ नका, थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तरी चालेल, आणि उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावला असेल तर सावलीत काढाच.

नुसत्या पीओव्हीवर, म्हणजे चालवणाऱ्याच्या नजरेतून घेतलेल्या शॉटवर, भागत नाही. अवघड ड्रॉप, म्हणजे वाट एकदम खाली उतरते अशी जागा, असेल तिथे थांबा आणि एकाला फोन घेऊन बाजूला बसवा, अगदी जमिनीलगत, वाटेला काटकोनात. बाजूनेच उतार खरा दिसतो, मागे एखादं सरळ वाढलेलं झाड आलं तर फारच छान, फोन फक्त तिरका धरायचा नाही. मग तोच ड्रॉप परत मारा आणि या वेळी नुसतं पुढचं चाक खडकावरून घरंगळताना जवळून घ्या. हे तीन शॉट जोडले की सेक्शन उभा राहतो. फॉलो कॅम, म्हणजे मागून सायकल चालवत पुढच्याचं शूट, करायचा तर पुढचा कुठून जाणार ती लाईन माहीत असलेलाच मागे हवा, आणि अंतर दोन-तीन सायकलींचं, त्याहून लांब गेलात की पुढचा ठिपका होतो.

पावसाळ्यात लेन्सवर एक थेंब बसला की अख्खी रन वाया, म्हणून मायक्रोफायबर झिपच्या पिशवीत कोरडं ठेवा आणि प्रत्येक रनआधी पुसा. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा ड्रोनचा नकाशा बघा, पुण्यात लोहगाव विमानतळ आहे, एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे, कुठेही उडवून चालत नाही.

आणि टेकडीवर सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा असतात. शूटसाठी वेगात येणार असाल तर आंधळ्या वळणापलीकडे एक जण उभा करा, त्याने हात वर केल्याशिवाय वरून निघायचं नाही.

एडिटला म्युझिक टाका पण टायरचा आणि फ्रीहबचा (मागच्या चाकाची टिकटिक) आवाज पूर्ण काढू नका, दगडांवरची ती खडखड ऐकू आली पाहिजे.