छोट्या कॅबिनेटमधलं ग्राफिक्स कार्ड: डिझाइनला नव्यानं लागलेल्यांसाठी

डिप्लोमा संपवून कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, नाहीतर उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनतात तिथं) डिझाइनला लागलेली पोरं वर्ष-दोन वर्षांत घरी स्वतःचं मशीन उभं करायला बघतात. बाहेरचं जॉबवर्क मिळायला लागलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कार्ड कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, "अडतंय कुठं?"

सॉलिडवर्क्स (थ्री-डी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) हळू चालतंय, या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. पंपाच्या बॉडीचं मॉडेल घ्या: आत व्होल्यूट (पाण्याची गोगलगाईसारखी वाट), बाहेर रिब, फ्लँज आणि जिथं तिथं फिलेट (गोल केलेले कोपरे). सुरुवातीचं एखादं स्केच बदललं की रिबिल्डचं, म्हणजे मॉडेल पुन्हा बांधून काढण्याचं, चक्र फिरत बसतं. ते काम प्रोसेसरचं, त्यातही बरंचसं एकाच कोअरचं. कार्ड कितीही भारी घाला, तो वेळ हलणार नाही. सॉलिडवर्क्समधलं 'परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन' उघडलं की कुठलं फीचर किती वेळ खातंय ते दिसतं. बऱ्याचदा एखादा अवघड फिलेट किंवा पॅटर्नच (एकच फीचर पुन्हा पुन्हा मांडलेलं) सापडतो. पण तीच बॉडी मोटर, कपलिंग, बेसफ्रेमसकट असेंब्लीत आणली आणि माऊसनं फिरवताना चित्र धक्के खायला लागलं, तर कार्डाकडे बघा.

खात्री करायला टास्क मॅनेजर पुरतो. मॉडेल सतत फिरवत ठेवा आणि जीपीयूचा, म्हणजे कार्डाचा, आलेख बघा. तो वर टेकला असेल किंवा कार्डाची मेमरी भरली असेल, तर कार्ड कमी पडतंय. प्रोसेसरचा आकडा मात्र फसवा असतो. आठ कोअरमधला एकच पूर्ण राबत असला तरी एकूण वापर बारा-तेरा टक्क्यांच्या वर जात नाही, आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन दाखवणारी सोय) असेल तर त्याच्याही निम्मा दिसतो. "प्रोसेसर तर मोकळाच आहे की," असं म्हणून कार्डावर पैसे घालणारे इथंच चुकतात.

आता डबा, म्हणजे कॅबिनेट. नवशिक्यांपैकी बरेच जण कंपन्यांतून निघालेली, ऑफिसात वापरलेली बुटकी मशीन घेतात. स्वस्त पडतात आणि चांगली चालतात. पण त्यात बसणारं कार्ड लो-प्रोफाइल, म्हणजे साधारण ६९ मिलिमीटर उंचीचंच लागतं. दुसरं म्हणजे अशा मशीनच्या पॉवर सप्लायमधून कार्डासाठी वेगळी वायर बहुधा निघतच नाही. मदरबोर्डाचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, त्यातच भागवायचं. म्हणून गेमिंगची बहुतेक कार्डं इथं आपोआप बाद होतात.

या मापात एनव्हिडियाचं टी१००० हे आमच्या कामाला बसणारं कार्ड: ५० वॅट, एकच स्लॉट अडवणारं, ४ किंवा ८ जीबी मेमरीचं. ८ चंच घ्या. नवीन घेणार असाल तर त्याच मापातलं, त्याच ५० वॅटमधलं आरटीएक्स ए१००० बघा. टी४०० एका-दोन मॉनिटरवर ड्रॉइंग काढायला ठीक, असेंब्लीला नको. आरटीएक्स ए२००० खूप सरस आहे, ६ आणि १२ जीबीत येतं, ७० वॅटमध्ये भागतं. पण ते दोन स्लॉटची जागा खातं. काही डब्यांत लांब स्लॉट नेमका पॉवर सप्लायला खेटून असतो, तिथं ते बसतच नाही. दुकानात जाण्याआधी झाकण उघडून मोबाइलवर फोटो काढा, मोजपट्टी लावून. रेंडरिंगची कामं घेणार नसाल तर ए२००० चे जादा पैसे रॅमवर घाला, असं माझं मत.

त्याच पैशात गेमिंगचं कार्ड आकड्यांनी जास्त पळतं, हे खरं आहे. पण सॉलिडवर्क्सची प्रमाणित कार्डांची यादी असते आणि त्यात प्रोफेशनल कार्डंच येतात. यादीबाहेरच्या कार्डावर रिअलव्ह्यूचं (मॉडेल खऱ्या धातूसारखं दाखवणारी सोय) बटण सहसा पुसट राहतं. कुणी फक्त ऑटोकॅडमध्ये टू-डी काढत असेल, तर त्यानं कार्डच घेऊ नये. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. कास्टिंग सिम्युलेशनचं (ओतकाम आधी कॉम्प्युटरवर करून बघण्याचं) गणित कार्डावर होतं की प्रोसेसरवर, हे मात्र सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी सगळेच "होतंय की" म्हणतात.

कार्डाच्या खोक्यात डब्याला कार्ड बसवायच्या दोन पट्ट्या (ब्रॅकेट) आहेत का बघा. कार्डाला लावून येते ती बहुधा उंच पट्टी. बुटक्या डब्यासाठी स्क्रू काढून छोटी लावावी लागते, आणि जुन्या बाजारात नेमकी तीच हरवलेली असते. पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. घरच्या मॉनिटरला एचडीएमआय असेल तर अ‍ॅडॉप्टर सोबतच मागा. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो.

जुन्या बाजारात क्वाड्रो पी६२०, पी१००० ढिगानं दिसतात. २०१७-१८ च्या पिढीची ती कार्डं. अगदीच हात आखडता असेल तरच.

आणि मशीन कारखान्यातल्या केबिनमध्ये ठेवणार असाल, तर शेकआऊटची (साचा फोडून कास्टिंग काढतानाची) काळी धूळ विसरू नका. या कार्डांना एकच छोटा पंखा असतो. त्याच्या पात्यांवर वाळूचा आणि लोखंडाचा थर बसला की कार्ड तापतं, वेग आपोआप कमी करतं, आणि पोरं म्हणतात ड्रायव्हर बिघडला. मशीन बंद करून, प्लग काढून, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी असतं.