बटन क्वेल कसे पाळावेत: पिंजऱ्यापासून पिल्लांपर्यंत

बटन क्वेल हा खऱ्या लाव्यांमधला सर्वांत लहान पक्षी. लांबी जेमतेम १२ ते १४ सेंटीमीटर, वजन साधारण ४० ते ५० ग्रॅम. एवढासा जीव, मग त्याला जागा आणि कष्ट असे किती लागणार, या समजुतीतून बहुतेक जण तो आणतात. जागा खरोखरच फार लागत नाही. पण दोन गोष्टींत हा पक्षी चुकीला माफी देत नाही. दचकला की तो सरळ वर उसळतो, आणि मादी पोषणाची पर्वा न करता अंडी देत राहते. या दोन्ही गोष्टींची सोय आधी लावा, बाकीचं जमून जातं.

पक्षी निवडण्याआधी

पाळीव पक्ष्यांच्या बाजारात ज्याला बटन क्वेल म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव सायनोइकस चायनेन्सिस. जुन्या पुस्तकांत तो एक्सकॅलफॅक्टोरिया किंवा कोटर्निक्स या प्रजातीत सापडेल. टर्निक्स प्रजातीचे लाव्यासारखे दिसणारे रानपक्षी मात्र वेगळ्याच कुळातले. त्यांच्या पायाला मागचं बोट नसतं आणि अंडी नर उबवतो. त्यांची निगाही वेगळी, त्यामुळे पुढचं काहीही त्यांना लागू होत नाही. रानातून पकडलेला पक्षी कधीच घेऊ नका. तो पिंजऱ्यात डोकं आपटून मरतो, आणि अनेक ठिकाणी ते बेकायदाही आहे. पिंजऱ्यातच जन्मलेला पक्षी घ्या आणि पाळण्याबाबत आपल्याकडचा नियम काय आहे ते आधी विचारून घ्या.

मूळ रंगातला नर ओळखायला सोपा असतो: अंगावर निळसर राखाडी छटा, पोटाखाली तांबूस, गळ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. मादी तपकिरी, ठिपकेदार. पांढऱ्या किंवा चंदेरी वाणांत ओळख अवघड जाते. तिथे शेपटीखालची पिसं बघावीत. नराची बहुधा तांबूस असतात.

घेताना पायाची बोटं सरळ आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, गुदद्वाराजवळची पिसं कोरडी आहेत का, हे पाहा. आणि जोडी घ्या. एकटा पक्षी हाक मारमारून हैराण होतो. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात असंही सांगतात. प्रशस्त जागेत ते कधीकधी जमतं. पण रानात हे पक्षी जोडीनेच राहतात, आणि माझा कल जोडीकडेच आहे. एकाच पिंजऱ्यात दोन नर मात्र कधीच नकोत. कोवळ्या वयात शांत दिसणारे भाऊही वयात आले की एकमेकांची डोकी रक्तबंबाळ करतात.

पिंजरा

हे जमिनीवरचे पक्षी. दांडीवर बसत नाहीत, उंच घिरट्या घालत नाहीत. म्हणून उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ मोलाचं. एका जोडीला तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा दिली तर ती मोकळी वाटते.

आता छताचं. दचकलेला बटन क्वेल पंख मिटलेल्या अवस्थेतून क्षणात सरळ वर झेपावतो. दीड-दोन फुटांवर जाळी किंवा लाकूड असेल, तर तोवर त्याला पुरेसा वेग आलेला असतो आणि डोक्याची कातडी फाटते, कधी मानच मोडते. त्यामुळे छत एक तर फूटभरापेक्षा कमी उंचीवर ठेवा, म्हणजे वेगच येणार नाही, नाहीतर सहा फुटांहून वर न्या. मधली उंची सर्वांत घातक. मधल्याच उंचीचा पिंजरा हाताशी असेल तर छताच्या आत मऊ जाळी किंवा जाड कापड थोडं सैल ताणून बांधा. रात्री खोलीत अचानक दिवा लावणं टाळा. मंद दिवा चालू ठेवला तर रात्रीच्या उसळ्या पुष्कळ कमी होतात.

तळ तारेचा नको. पायाला जखमा होतात, त्या चिघळतात. तळावर रंध्याचा जाडसर भुसा किंवा सुकं गवत पसरा. एका कोपऱ्यात कोरड्या बारीक वाळूचं पसरट भांडं ठेवा. दुपारच्या सुमारास जोडी त्यात लोळते, पिसांत वाळू घुसळते, एक पाय लांब करून कुशीवर पडून राहते. अंगातले उपद्रवी कीटक त्यानेच आटोक्यात राहतात. दोन-तीन ठिकाणी आडोसा हवाच: गवताचा झुबका, उलटी ठेवलेली टोपली, कुंडीतलं झाड. आडोसा नसेल तर पक्षी दिवसभर घाबरलेला राहतो, आणि मादी अंडी उबवायला बसण्याची शक्यताही मावळते.

फिंचसारख्या दाणे खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात तळाला एक जोडी आनंदाने राहते. पण वरून सांडलेल्या दाण्यांवर त्यांचं भागेल हा गैरसमज सोडा. वरचे पक्षी टाकतात ती बहुतेक टरफलं असतात.

खाणंपिणं

फिंचला देतात ते राळ्यासारखे बारीक दाणे चालतात, पण नुसत्या दाण्यांवर अंडी देणारी मादी टिकत नाही. मुख्य आहार सुमारे २० टक्के प्रथिनं असलेलं, बारीक भरडलेलं क्वेलखाद्य असावं. जोडीला उकडलेल्या अंड्याचा चुरा, कोवळी पालेभाजी, मधूनमधून छोट्या अळ्या. समुद्रफेस किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. खाद्यात मिसळू नका. मादीला हवं तेवढं ती घेते, नराला त्याची तेवढी गरज नसते. दाणे देत असाल तर बारीक खडेही द्या.

अळी दिल्यावर नराकडे लक्ष द्या. तो ती चोचीत धरतो, मान खाली घालतो आणि हलक्या, भरभर आवाजात मादीला बोलावतो. ती येऊन अळी त्याच्या चोचीतून घेते, तोवर तो स्वतः गिळत नाही. जोडी जमल्याची यापेक्षा चांगली खूण नाही. उलट मादीच्या मानेवरची, पाठीवरची पिसं जाऊ लागली तर नराला काही दिवस वेगळं करा आणि जागा वाढवा.

अंडी: इथे हात आखडता घ्या

पक्षी आठ आठवड्यांच्या आतबाहेर वयात येतात. प्रजननाची घाई मात्र तीन महिन्यांपर्यंत करू नये. दिवसाला चौदा तासांच्या आसपास उजेड मिळाला की मादी अंडी द्यायला लागते, जवळपास रोज एक. सुरुवातीला याचं कौतुक वाटतं. पण प्रत्येक कवचाचं कॅल्शियम तिच्या शरीरातून जातं. आपण रोज अंडं उचललं तर तिचं शरीर थांबतच नाही, आणि माद्या अकाली मरतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे. म्हणून उबवायला नको असतील तेव्हा अंडी लगेच उचलू नका. आडोशात सहा-सात साठू द्या. तरीही ती थांबली नाही, तर दिव्याचे तास हळूहळू नऊ-दहावर आणा. वर्षातून काही महिने तिला पूर्ण विश्रांती मिळायलाच हवी.

मादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, शेपूट वरखाली करत कळा देऊ लागली, तर अंडं अडकलं असण्याची शक्यता मोठी. तिला साधारण ३० अंशांच्या ऊबदार, दमट, शांत जागी ठेवा आणि लगेच पशुवैद्यांना गाठा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. ते आत फुटलं की मादी वाचणं कठीण.

उबवण

मादी खुडूक बसली, म्हणजे स्वतःच अंडी उबवायला लागली, तर भाग्यच. खाणं-पाणी जवळ ठेवा आणि तिच्यापासून लांब राहा. अंडी सोळाव्या दिवसाच्या सुमारास फुटतात. मात्र पिंजऱ्यातल्या कित्येक माद्या बसतच नाहीत, तेव्हा इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवण्याचं यंत्र, लागतो. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये तापमान ३७.५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा, अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवा. चौदाव्या दिवशी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या आणि मग झाकण उघडू नका. साठवलेली अंडी निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवावीत, आठवड्याच्या आत उबवायला लावावीत. मळकी, तडकलेली अंडी घेऊ नका.

पिल्लं

पिल्लू मोठ्या भुंग्याएवढं, तीन-चार ग्रॅमचं. सुकलं की धावायला लागतं. अंड्यातला बलक पोटात असतो, म्हणून पहिले काही तास इन्क्युबेटरमध्येच सुकू द्या. मग ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांसाठीच्या दिव्याने ऊबदार ठेवलेल्या खोक्यात, हलवा. दिव्याखाली ३७ अंश, आणि दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर हवाच, पण पिल्लं जास्त खरं सांगतात: एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर उकडतंय. एका टोकाला ऊब आणि दुसरं टोक गार असं ठेवलं की ती आपली जागा शोधतात.

पाण्याचं भांडं म्हणजे बाटलीचं झाकण, तेही गोट्यांनी किंवा खड्यांनी भरलेलं. अर्धा सेंटीमीटर पाण्यातही ही पिल्लं बुडून मरतात. तळाला वर्तमानपत्र नको. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि ते व्यंग राहून जातं. खरखरीत कापड किंवा टिश्यू अंथरा. कापडाचे सुटे धागे मात्र कापून टाका, बोटांना गुंडाळले गेले की रक्तपुरवठा थांबतो.

खाद्य २४ ते २८ टक्के प्रथिनांचं, मिक्सरमधून काढून रव्यासारखं बारीक केलेलं. पहिले दोन दिवस ते तळावरच शिंपडा आणि बोटाच्या टोकाने टकटक करा, आई चोच मारून दाखवते तसं. एकच पिल्लू निघालं तर जवळ छोटा आरसा ठेवा आणि पिसांच्या झाडणीचा झुपका टांगा. त्याखाली ते निवांत झोपतं.

पिल्लं आईवडिलांकडेच वाढत असतील तर दुसरे प्रौढ पक्षी तिथून हलवा आणि पिंजऱ्याला खालून चार-पाच इंचांची फळी लावा, कारण सेंटीमीटरभर फटीतूनही ती सटकतात. जपानी क्वेल या मोठ्या लाव्याच्या पिल्लांत ती मिसळू नका, चिरडली जातात.

तीन-चार आठवड्यांत पिसं पुरती येतात आणि दिव्याची गरज संपते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नर ओळखू येऊ लागतात. पहिली पाठलागाची खोडी दिसताच त्यांना वेगळं करा. नव्या जोड्या एकाच घाण्यातल्या भावंडांच्या लावू नका. पायात वेगवेगळ्या रंगाच्या कड्या घातल्या तर कोण कुणाचं हे पुढच्या हंगामातही कळतं. आणि नवी जोडी एकत्र सोडताना दोघांनाही एकाच वेळी, दोघांनाही परक्या असलेल्या पिंजऱ्यात सोडा. नराच्या जुन्या पिंजऱ्यात मादी नेऊन ठेवली तर तो तिला घुसखोर समजून मारतो.